मागाच्या भिंतीपलीकडची अभ्यासिका

(दृश्य : यंत्रमागाचा कारखाना. धोटा इकडून तिकडे. मूळ आवाज दहा सेकंद तसाच ठेवायचा, मग निवेदन.)

हा आवाज आधी नीट ऐकून घ्या. धोट्याच्या मागाशेजारी तो ९५ डेसिबलच्या आसपास जातो, आणि एका कारखान्यात असे आठ-दहा माग सहज एका वेळी चालतात. अशोक चौक, कन्ना चौक, साखर पेठ, पुढे अक्कलकोट रोडची एमआयडीसी, हा सोलापूरचा पूर्व भाग. इथं चादर निघते, टॉवेल निघतो. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. माल ज्या गल्लीत विणला जातो, विणणाऱ्याचं घरही त्याच गल्लीत असतं. पुष्कळ ठिकाणी कारखान्याची आणि घराची भिंत एकच.

(दृश्य : घराचा उंबरा. मांडीवर सूप, हातात कात्री.)

घरात दुसरा कारखाना. तेंदूची पानं भिजवायची, फडक्यात गुंडाळून ठेवायची, पत्र्याचा साचा पानावर धरून कात्रीनं कापायची. मग चिमूट-चिमूट तंबाखू, वळण, दोरा. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं. कात्री पानाच्या शिरेला समांतर कशी फिरतेय बघा. शीर मध्ये आली की विडी वळताना फाटते आणि विड्या मोजून देताना ती बाजूला काढली जाते. सूप, पानं, ओलं फडकं यांनी खोली भरली की दहावीच्या मुलीला वही उघडायला उंबरा उरतो. तिच्या घरात तेलुगू बोलतात, ती शिकते मराठीत.

(दृश्य : शाळेचं फाटक, संध्याकाळी पाच.)

ही महापालिकेची शाळा. पाच वाजता हिला कुलूप लागायचं. आता तळमजल्यावरची एक खोली अभ्यासिका म्हणून रात्री साडेनऊपर्यंत उघडी असते, आणि ती चालवतात याच बाकांवरून उठून गेलेले लोक. कोणी पुण्यात हडपसरला, कोणी हैदराबादला, कोणी इथंच टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा.

माजी विद्यार्थी शाळेला काय देतात? बहुतेक वेळा कमान देतात. नाहीतर पाण्याचा कूलर आणि त्यावर कूलरपेक्षा ठळक नावं. या तुकडीनंही आधी कमानीचाच विषय काढला होता. मुख्याध्यापकांनी त्याऐवजी खोली दाखवली.

(दृश्य : खोलीचं मोजमाप. टेप धरलेले दोन हात.)

तीस फूट बाय अठरा फूट, म्हणजे ५४० चौरस फूट. वरच्या मजल्यावर याहून मोठी खोली मोकळी होती, पण वरचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दहापर्यंत ती उष्णता खाली सोडत राहतो. सोलापूरच्या एप्रिलमध्ये तिथं कोणी बसणार नाही. म्हणून तळमजला. एका जागेला पंधरा चौरस फूट धरले, त्यात येण्या-जाण्याची वाट आली, दाराजवळची जागा मोकळी सोडली. बत्तीस जागा झाल्या. चाळीस बसवता आल्या असत्या, पण मग मधल्याला उठायचं तर चौघांना उठावं लागतं.

शाळा महापालिकेची असली की एक खिळाही कागदाशिवाय ठोकता येत नाही. आधी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव. ही समिती शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रत्येक सरकारी शाळेत असते आणि तिच्यात पालकांचं बहुमत असतं. मग शिक्षण विभागाला पत्र : खोली कोणत्या वेळेत वापरणार, वीजबिल कोण भरणार, किल्ली कोणाकडे, काही मोडलं तर जबाबदारी कोणाची. दिलेली प्रत्येक वस्तू शाळेच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढवायची. हे टाळलं तर दोन वर्षांनी मुख्याध्यापक बदलतात, आणि नव्यांना ती टेबलं कोणाची हेच कळत नाही. टेबलं मग निवडणुकीच्या केंद्रासाठी जातात आणि परत येताना मोजली जात नाहीत. केंद्र सरकारच्या विद्यांजली पोर्टलवर शाळा आपल्या यूडायस क्रमांकानं, म्हणजे शाळेच्या सरकारी ओळख क्रमांकानं, नोंद करून गरज मांडू शकते. तिथली नोंद उपयोगाची, पण ठरावाची जागा ती घेत नाही.

(दृश्य : पूर्वेची खिडकी. पलीकडे कारखान्याचा पत्रा. आवाज.)

आता खरी अडचण. खोलीच्या पूर्वेच्या भिंतीपासून हातभरावर कारखाना.

पहिला उपाय कोणालाही सुचतो तोच : भिंतीला फोम लावा. फोमनं, कापडानं, पुठ्ठ्यानं खोलीतला घुमारा कमी होतो. बाहेरून येणारा आवाज अडत नाही. मऊ वस्तू आवाज जिरवते. अडवायला वजन लागतं. नऊ इंची विटांची भिंत ते काम बऱ्यापैकी करतच होती, गळती होती खिडकीतून. आणि गळतीचा नियम कडक आहे : भिंतीच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का जरी फट उघडी राहिली, तर बाकीची भिंत कितीही जाड असो, आवाज वीस डेसिबलपेक्षा जास्त घटत नाही.

खिडक्या विटांनी बुजवायला परवानगी नव्हती, मिळायलाही नको. म्हणून जुनी झडप तशीच ठेवून आतल्या बाजूला चार इंचांचं अंतर सोडून दुसरी चौकट बसवली. तिला आठ मिलिमीटर काच, कडेनं रबराचं बीडिंग. हे बीडिंग बसवताना सुतार कोपऱ्यात ते कापून जोडतात. तिथंच फट राहते. इथं ते कोपऱ्यातून वळवून अखंड घेतलंय, जोड फक्त खाली मध्यभागी. दाराखालच्या फटीला ब्रशची पट्टी. दार आणि चौकट यांच्या मधून कागद ओढून बघायचा. सहज निघाला तर पट्टी खाली घ्यायची.

(दृश्य : कारखान्यातली चिंधी. गोण्या. चौकटीत भरणं.)

हे सगळं झाल्यावर उरला घुमारा. शहाबादी फरशी, सिमेंटचं छत, उघड्या भिंती. एकानं पान उलटलं तरी सगळ्यांना ऐकू येतं. इथं मात्र कापडाचं काम आहे, आणि कापडाला या गल्लीत तोटा नाही. टॉवेलच्या कडेची कापलेली चिंधी गोणीनं मिळते. चार फूट बाय दोन फुटांची लाकडी चौकट, दोन इंच खोल, मागे जाळी, आत चिंधी, पुढे सुती कापड ताणून. चिंधी दाबून भरली की गठ्ठा होतो आणि आवाज त्यावरून परततो. फार सैल भरली की महिन्याभरात खाली बसते आणि वरचा अर्धा पोकळ राहतो. उपाय साधा : चौकटीला मधोमध आडवी पट्टी. चौकट भिंतीपासून दोन इंच सुटी टांगायची, चिकटवायची नाही. मागच्या पोकळीमुळे खर्जातला आवाजही थोडा जिरतो.

सुती चिंधी म्हणजे पेटायला तयार माल, हे कारखान्यात काम केलेल्यांना सांगावं लागत नाही. भरण्याआधी ती द्रावणात भिजवून वाळवली आहे : दहा लिटर पाण्याला सातशे ग्रॅम बोरॅक्स, तीनशे ग्रॅम बोरिक ॲसिड. पाणी गरम हवं, नाहीतर पावडर तळाला बसते. वरचं कापडही त्यातूनच काढायचं. हे कापड धुतलं की द्रावण निघून जातं, तेव्हा धुतल्यावर पुन्हा भिजवायचं. हे चौकटीच्या मागे रंगानं लिहून ठेवलंय. स्विचबोर्डापासून तीन फूट एकही चौकट नाही. दाराशी अग्निशामक, आणि त्याच्या काट्याकडे महिन्यातून एकदा बघायचं.

खिडक्या बंद केल्यावर हवा कुठून येणार? पश्चिमेच्या दोन खिडक्या खालून उघड्या, आणि उत्तरेला छताजवळ बारा इंची एक्झॉस्ट. तो पूर्ण वेगानं चालवला की त्याचाच आवाज होतो. अर्ध्या वेगावर ठेवलाय.

(दृश्य : दिवे लागतात. टेबलावर लक्स मोजणारं यंत्र.)

उजेडाचा हिशेब. वाचायच्या टेबलावर तीनशे लक्स हवेत, म्हणजे दर चौरस मीटरला तीनशे ल्युमेन उजेड. खोली पन्नास चौरस मीटर, म्हणजे पंधरा हजार ल्युमेन टेबलावर पोचायला हवेत. दिव्यातून निघालेल्या उजेडातला निम्म्याहून थोडा कमी टेबलापर्यंत येतो; बाकीचा भिंती खातात, धूळ खाते. म्हणून एकतीस हजार धरायचे. वीस वॉटच्या एलईडी पट्टीतून दोन हजार निघतात, सोळा पट्ट्या. त्या टेबलांच्या ओळीला समांतर आणि बसणाऱ्याच्या डाव्या बाजूला लावल्या, नाहीतर उजव्या हातानं लिहिणाऱ्याची सावली त्याच्याच ओळीवर पडते. डावखुऱ्यांसाठी शेवटच्या ओळीत दोन जागा उलट्या. पूर्व भागात हवेत कापसाचा तंतू असतो, तो पट्टीवर बसतो आणि वर्षात उजेड लक्षात न येता उतरतो. कोरड्या फडक्यानं महिन्याला एकदा.

टेबलं लाकडाची केली नाहीत, वाळवीमुळे. एक इंची चौकोनी लोखंडी पाइपाचा सांगाडा, वर लॅमिनेट केलेला प्लाय, मध्ये पंधरा इंचांचा पडदा. पायांना रबरी बूट. ते नसताना शहाबादीवर टेबल सरकलं की काय होतं ते (दृश्य : टेबल ओढलं जातं, मूळ आवाज) हे असं होतं. बूट सहा महिन्यांत झिजतात. एक डझन जादा आणून कपाटात ठेवायचे.

वीज गेली तर दीडशे अँपिअर-अवरची एक बॅटरी. बारा व्होल्टनं गुणलं की अठराशे वॉट-अवर, पण पूर्ण उपसली तर बॅटरी लवकर मरते; इन्व्हर्टरचंही खाणं आहे. हाती येतात अकराशे-बाराशे. निम्म्या पट्ट्या आणि चार बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारे, पंखे मिळून २८० वॉट. चार तास निघतात. यात चुकतं ते पाण्याचं. इथलं पाणी जड, तेही नळाला काही दिवसांआड. बॅटरीत ते घातलं की प्लेटांवर क्षार बसतात. फक्त डिस्टिल्ड वॉटर, आणि वर दोरीनं बांधलेली तारखांची वही.

(दृश्य : भिंतीलगत लांब वही. मुलगी लिहितेय. जवळून : पान क्रमांक, सरावसंच, उदाहरण.)

खोली झाली. इथपर्यंत पैसे लागतात, आणि पैसे एकदा गोळा होतात. पुढचं ज्यांनी चालवून बघितलंय त्यांना ठाऊक.

ही अडलेल्या गणितांची वही. ज्याचं अडलं त्यानं पुस्तकाचं नाव, पान, सरावसंच, उदाहरण क्रमांक लिहायचा आणि कुठपर्यंत आलं ते दोन ओळींत. 'समजलं नाही' एवढंच लिहिलं तर चालत नाही. साडेआठला देखरेखीच्या अक्का त्या पानाचा फोटो तुकडीच्या ग्रुपवर टाकतात. त्या आठवड्याला ज्याची पाळी, त्यानं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत हातानं सोडवून फोटो पाठवायचा. अक्का तो छापून वहीतच डकवतात, म्हणजे पुढच्याला मागचं उत्तर मिळतं.

यात पहिल्यांदा गोंधळ झाला तो शिकलेल्यांचाच. दहावीच्या गणित भाग एकमध्ये दोन चलांतली रेषीय समीकरणं आहेत. प्रश्नात म्हटलेलं असतं, क्रेमरच्या पद्धतीनं सोडवा. त्यात निश्चयक मांडायचा, डी, डी-एक्स, डी-वाय काढायचे. आयटीवाला दादा दोन ओळींत एक चल काढून टाकतो आणि उत्तर पाठवतो. उत्तर बरोबर, पण बोर्डाचे गुण पायऱ्यांना आहेत आणि त्या पायऱ्या त्यात नाहीत. आता नियम असा : उत्तर देणाऱ्यानं आधी बालभारतीच्या पुस्तकातलं त्याच प्रकरणातलं सोडवलेलं उदाहरण बघायचं, आणि तशाच मांडणीनं लिहायचं. अर्थनियोजनाच्या प्रकरणात जीएसटीची उदाहरणं आहेत, ती मात्र इथल्याच टॉवेलच्या दुकानात हिशेब लिहिणाऱ्या माजी विद्यार्थ्याकडे जातात. त्याच्याइतकी ती कोणालाच येत नाहीत.

शाब्दिक उदाहरणांत अडचण वेगळी असते. गणित येतं, वाक्य कळत नाही. 'च्या दुपटीपेक्षा पाचने कमी' यात आधी दुप्पट की आधी वजाबाकी? घरी तेलुगू बोलणारा मुलगा इथं हमखास थांबतो. अशा वेळी उत्तरासोबत तेलुगूतून आवाजाची चिठ्ठी येते. ही मदत पुण्याचा कुठलाही क्लास देणार नाही. ती त्याच बाकावर तसंच अडलेल्या माणसाकडूनच येते.

प्रेरणादायी भाषणं बंद केली आहेत. गावी आलेला प्रत्येक जण दोन शब्द बोलायला बघतो, आणि त्यात अभ्यासाचा तास जातो. बोलायचं असेल तर त्यानं सरावसंच तपासायला बसावं.

पुस्तकांचंही एक. बालभारतीची पुस्तकं आठवीपर्यंत शाळेतून मोफत मिळतात, नववी-दहावीची विकत घ्यावी लागतात. म्हणून जुनी जाडजूड कोषवाङ्मयं दान नकोत. नववी-दहावीचे संच द्या, मराठी माध्यमाचे आणि तेलुगूचेही. संच घेताना आवृत्ती बघायची.

निकालाचं विचाराल तर दहावीची मुलं येतात, काही भरतीची तयारी करणारी येतात. काही पुढे जातात, काही मागावर जातात.

(दृश्य : जानेवारी. गड्ड्याची गर्दी, नंदीध्वज. मग शाळेच्या अंगणात खुर्च्या.)

संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा, म्हणजे गड्डा. सोलापूरचा माणूस एरवी येवो न येवो, गड्ड्याला येतो. वार्षिक सभा म्हणून तेव्हाच. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं सकाळी उतरायचं, दर्शन, अंगणात सभा.

महिन्याचा खर्च असा धरलाय : देखरेखीच्या दोघींचं मानधन दहा हजार, वीज नव्वद युनिटच्या आत, हजारभर रुपये, सफाई आणि फिनेल दीड हजार, वर्तमानपत्रं, छपाई पाचशे, मोडतोड आणि बॅटरीसाठी दोन हजार वेगळे. पंधरा हजार. याची ठेव करून व्याजावर चालवायचं म्हटलं, तर सात टक्क्यांनी सुमारे सव्वीस लाख लागतात, आणि मानधन वाढलं की तेही पुरत नाहीत. म्हणून दरमहा दोनशे रुपये, खात्यातून आपोआप. पंचाहत्तर जणांत भागतं, पण शंभर तरी हवेत : बँक बदलते, नोकरी सुटते, यूपीआयची मंजुरी संपते आणि लाजेनं कोणी सांगत नाही. दर तीन महिन्यांनी थांबलेल्यांना एकदा फोन. दुसऱ्यांदा नाही.

पैसे एकाच्या वैयक्तिक खात्यात घेणं हा सगळ्यात जुना घोटाळा. हेतू चांगला असतो, पण तो माणूस आजारी पडला की सगळं अडतं. सात जण मिळून संस्था नोंदवता येते, आणि महाराष्ट्रात ती सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० खालीही नोंदवावी लागते. सोलापुरातच धर्मादाय कार्यालय आहे. दरवर्षी लेखापरीक्षण. पदाधिकारी बदलले तर नव्वद दिवसांत फेरफार अर्ज. अनेक संस्था इथं ढिल्या पडतात, आणि दहा वर्षांनी दप्तरी अजूनही जुन्याच अध्यक्षांचं नाव असतं, बँक सह्या घेत नाही. आयकराच्या सवलतीची नोंदणी वेगळी करावी लागते. दोन हजारांवरची रोख देणगी त्या सवलतीत बसत नाही, आणि नवी करप्रणाली घेतलेल्याला ती मिळतच नाही. हे आधीच सांगितलेलं बरं.

परदेशातल्यांचं जपून. भारतीय पासपोर्ट असलेला माजी विद्यार्थी आपल्या खात्यातून देतो तो पैसा देशीच. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्यानं दिला तर तो परकीय अंशदान, म्हणजे परदेशी देणगी, मग त्याच्याकडे ओसीआय कार्ड असो नाहीतर कन्ना चौकात घर. तो घ्यायला संस्थेला २०१० च्या परकीय अंशदान कायद्याखाली नोंदणी लागते, आणि ती रक्कम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतच घ्यावी लागते. ही नोंदणी या संस्थेकडे नाही. तिकडच्या मित्रांना म्हणून वहीतली गणितं दिली जातात. त्यांची सकाळ होते तेव्हा इथं संध्याकाळचे साडेपाच-सहा वाजलेले असतात, त्यामुळे त्यांना एक दिवस जास्तीची सवड.

(दृश्य : सभा. हात वर. इतिवृत्ताची वही जवळून.)

यंदाच्या सभेपुढे तीन विषय. मुलींच्या स्वच्छतागृहाला साठवणीची वेगळी टाकी, कारण नळ रोज येत नाही आणि साडेसातनंतर मुली याच कारणानं उठून जातात. दुसरा, बॅटरीला चौथं वर्ष लागतंय. दरमहा बाजूला काढलेली रक्कम पुरेल, फक्त जुनी बॅटरी देऊन किंमत कमी करून घ्यायची. तिसरा, खजिनदारांची मुदत संपतेय. नवं नाव ठरलं की त्याच आठवड्यात ठरावाची प्रत, संमतिपत्र आणि फेरफार अर्ज घेऊन धर्मादाय कार्यालयात जायचं. कोण जाणार, ते इतिवृत्तात नावानिशी लिहायचं.